'पॉवर'ची भिंत : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

विषय ठरला. मराठी भाषा गौरव दिनाला, २७ फेब्रुवारीला, वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर एकाच शब्दाचं प्रदर्शन लावायचं. शब्द 'पॉवर'. मराठीच्या दिवशी इंग्रजी शब्द कशाला, ही हरकत अपेक्षेप्रमाणे आलीच. त्यावर मी एवढंच म्हटलं की हे इचलकरंजी आहे. 'यंत्रमाग' अर्जात आणि पाटीवर असतो, तोंडात 'पावरलूम'च येतं आणि घाई असली तर नुसतं 'लूम'. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली गावात पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून अर्धं गाव या शब्दावर जेवतंय. त्याची कुळकथा आपण नाही तर कोण सांगणार?

कार्यवाहांनी मान्यता दिली, पण एक अट घालून : "सत्ता-बित्ता नको हां भिंतीवर. निवडणुका तोंडावर आहेत." मी गप्प बसलो. सत्ता वगळून हा शब्द सांगता येत नाही, पण हे त्यांना कच्चा आराखडा दाखवूनच पटवावं लागेल.

१० जानेवारी

दहावीच्या मुलींनी गावात फिरून शब्दाचे वापर टिपून आणले. चांगलं काम केलंय. चष्म्याच्या दुकानात आजी 'नंबर वाढला' म्हणते आणि नात 'पॉवर वाढली'. दस्त नोंदणीच्या कार्यालयाबाहेर 'पॉवर ऑफ ॲटर्नी करून घ्या' आणि आत कागदावर 'कुलमुखत्यारपत्र'. औषधवाला गोळी देताना 'पॉवर जास्त आहे, जेवूनच घ्या'. कट्ट्यावर 'त्याची वरपर्यंत पॉवर आहे'. शेडमध्ये 'पावर गेली'. गणिताच्या वहीत घातांक. एका मुलीनं मोबाईलच्या कडेचं बटणसुद्धा लिहून आणलंय.

यादी वाचताना एक लक्षात आलं. यातल्या एकाही ठिकाणी पॉवर म्हणजे नुसता जोर नाही. भिंग प्रकाश वळवू शकतं, कागद हातात असलेला माणूस दुसऱ्याच्या नावानं सही करू शकतो, गोळी ताप उतरवू शकते. प्रत्येक अर्थाच्या बुडाशी 'शकणे' आहे. भिंतीचा कणा हाच धरायचा.

१३ जानेवारी

विज्ञानाचे निवृत्त सर येऊन गेले. परीक्षक म्हणून त्यांनाच विनंती केली आहे. त्यांचा आग्रह असा की पाठ्यपुस्तकात 'पॉवर' म्हणजे शक्ती, तेव्हा भिंतीवरही सगळीकडे शक्तीच लिहा, मुलांचा गोंधळ नको. बल वेगळं, ऊर्जा वेगळी, शक्ती वेगळी. "पोतं माडीवर नेलं हे कार्य झालं. ते मिनिटात नेलं का तासात, ते शक्ती सांगते. पोतं तेच, माडी तीच." हे त्यांचं वाक्य फलकावर तसंच घेणार आहे.

आग्रह मात्र पूर्ण मान्य करता येत नाही. कुलमुखत्यारपत्राला शक्तिपत्र कोण म्हणेल? पण सरांमुळे एक धागा सापडला. शक्ती हा शब्द संस्कृत 'शक्' धातूचा, आणि 'शकणे' व 'शक्य' ही त्याचीच घरची मंडळी. म्हणजे आपल्याकडे पदार्थविज्ञानातलं नाम आणि 'येऊ शकतो'मधलं क्रियापद एकाच मुळाचे. इंग्रजीत हा सांधा सुटलेला दिसतो, कारण तिथं 'कॅन' एकीकडे आणि 'पॉवर' दुसरीकडे. फ्रेंचमध्ये तो अजून शाबूत आहे. 'पुव्वार' म्हणजे शकणे आणि 'पुव्वार' म्हणजेच सत्ता. स्पॅनिश 'पोदेर' आणि इटालियन 'पोतेरे' यांचंही तेच.

इंग्रजीचा स्वतःचा जुना शब्द 'माइट'. तोही 'मे' या क्रियापदाचा, ज्याचा मूळ अर्थ शकणे असाच. ग्रीक 'दुनामिस' (ज्यापासून डायनॅमो आणि डायनामाइट) हा 'दुनामाइ', म्हणजे मी शकतो, यावरून आला. संस्कृत, लॅटिन, जर्मानिक, ग्रीक अशा चारही घरांत बळाचं नाव शकण्यावरूनच पडलेलं. हा फलक सगळ्यात मोठा करायचा.

१७ जानेवारी

वंशावळीचा मजकूर लिहून झाला. लॅटिन 'पोस्से' म्हणजे शकणे. हे क्रियापद जोडकाम आहे : 'पोतिस' म्हणजे समर्थ, धनी, आणि 'एस्से' म्हणजे असणे. 'एस्से' आणि आपला 'अस्' धातू एकाच मुळाचे. 'पोतिस' आणि आपला 'पति' हेही एकाच मुळाचे. म्हणजे इंग्रजी पॉवरची हाडं संस्कृतात मांडली तर 'पति' अधिक 'अस्' अशी होतात. धनी असणे.

आता आपला 'सत्ता' घ्या. 'सत्' म्हणजे असलेलं, त्याला 'ता' लागून सत्ता. तेही 'अस्'चंच. कार्यवाहांना हा परिच्छेद वाचून दाखवला. ते म्हणाले, "म्हणजे सत्ता म्हणजे नुसतं असणं? हे चालेल." अट सुटली.

२१ जानेवारी

आजचा फलक आवाजाचा. बोलीतल्या लॅटिनमध्ये 'पोस्से'चं 'पोतेरे' झालं. त्यातला 'त' इंग्रजीत गेला कुठं? तो फ्रान्समध्ये पडला. इ. स. ८४२मध्ये फ्रँक सम्राट शार्लमेनच्या दोन नातवांनी, लुई आणि चार्ल्स यांनी, तिसऱ्या भावाविरुद्ध एक होऊन लढण्याची शपथ स्ट्रासबुर्गला घेतली. फ्रेंच भाषेचा सर्वांत जुना लेखी पुरावा म्हणतात तो हाच. त्यात 'देव मला जितकी समज आणि पॉवर देईल तितकं' अशा अर्थाचं वाक्य आहे आणि तिथं शब्द आहे 'पोदिर'. म्हणजे 'त'चा 'द' झालेला. पुढं 'द'ही गळाला आणि 'पोएर' उरलं. नॉर्मन सरदारांबरोबर ते इंग्लंडात आलं आणि १३००च्या सुमारास इंग्रजी लिखाणात रुळलं.

दोन स्वरांमधलं व्यंजन झिजणं मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. माताची माय झाली आणि भ्राताचा भाऊ, तेव्हा मधला 'त' असाच गेला. 'माआ' म्हणताना जिभेला जो खड्डा लागतो तो 'य'नं भरला. 'पोएर'चा खड्डा 'व'नं. फलकावर दोन्ही रांगा शेजारी शेजारी लावल्या आहेत, खाली स्पष्टीकरण ठेवलेलं नाही. मुलींनी एका नजरेत ओळखलं, तेव्हा बाकीच्यांनाही कळेल.

२६ जानेवारी

झेंडावंदन झाल्यावर तिथंच बसून 'पति'चा फलक पुरा केला. सगळ्यात मजेचा हाच.

मराठीत पती म्हटलं की नवरा आठवतो, पण सेनापती, नृपती, गणपती, लखपती यांत नवऱ्याचा काय संबंध? मूळ अर्थ धनी, मालक. नवरा हा त्याचा घरगुती उपयोग. ऋग्वेदात 'दंपति' एकवचनात येतो तेव्हा त्याचा अर्थ घरधनी. द्विवचनात आला की जोडपं. हाच समास ग्रीकमध्ये 'देस्पोतेस' म्हणून आहे, तोही घरधनी. त्याचंच पुढं इंग्रजीत 'डेस्पॉट' झालं, म्हणजे कुणाचं न ऐकणारा जुलमी राजा. लग्नपत्रिकेतलं दांपत्य आणि इतिहासाच्या पुस्तकातला डेस्पॉट हे सख्खे भाऊबंद. वाचनालयात हे मोठ्यानं वाचल्यावर वर्तमानपत्रं वाचत बसलेली ज्येष्ठ मंडळी इतकी हसली की ग्रंथपाल बाईंनी डोळे वटारले.

'पत्नी'चं जुळं ग्रीकमध्ये 'पोत्निया'. मायसीनी काळातल्या मातीच्या पाट्यांवर हा शब्द सापडतो, अर्थ देवी किंवा स्वामिनी. ग्रीकांनी पत्नीला देवी केलं आणि आपण देवीसारखी म्हणत स्वयंपाकघरात ठेवलं. हे वाक्य फलकावर नाही, इथंच.

लिथुआनियन भाषेत परमेश्वराला 'व्येशपत्स' म्हणतात, तो आपला वेदातला 'विश्पति'. इंग्रजी 'हॉस्पिटल' आणि 'हॉटेल' ज्या लॅटिन 'होस्पेस'वरून आले, त्यातही शेवटी हा धनीच दडला आहे, पाहुण्यांचा धनी. आणि सगळ्यात जवळचा नातेवाईक मुंबईत भेटतो. पारशांच्या अग्यारीतला 'मोबेद' म्हणजे जुन्या इराणी भाषेतला 'मगु-पति', म्हणजे 'मग' नावाच्या पुरोहितवर्गाचा प्रमुख. तिथं 'पति' झिजून 'बेद' झाला.

२७ जानेवारी

दोन खोटे नातेवाईक चौकटीत टाकायचे, कारण प्रश्न येणारच. एक, 'पवार'. मथळे लिहिणाऱ्यांना पवार आणि पॉवरची जोडी कधी सुटत नाही, पण ते आडनाव परमारवरून आलेलं सांगतात, लॅटिनशी देणंघेणं नाही. दोन, गोव्यातला 'पोदेर', सायकलवरून भोंपू वाजवत पाव विकणारा. पोर्तुगीजमध्ये 'पोदेर' म्हणजे सत्ता खरी, पण हा पोदेर 'पादेइरू'वरून आला, म्हणजे पाव भाजणारा. त्याच्या नावात सत्ता नाही, पाव आहे.

१ फेब्रुवारी

रोमन फलक आटोपता घेतला. लॅटिनमध्ये 'पोतेंतिया' म्हणजे अंगची किंवा प्रत्यक्ष चालणारी ताकद, आणि 'पोतेस्तास' म्हणजे कायद्यानं मिळालेली. रोमन बापाचा अधिकार हा 'पोतेस्तास'. मुलगा कितीही मोठा झाला, त्याला मुलंबाळं झाली, तरी बाप जिवंत असेपर्यंत तो बापाच्या अमलाखाली, आणि त्याच्या नावावर काही नाही. एकत्र कुटुंबात वाढलेल्याला हे वेगळं सांगायला नको. इंग्रज तत्त्वज्ञ बेकननं १५९७मध्ये 'ज्ञान ही पॉवर' म्हटलं, तेव्हा लॅटिनमध्ये त्यानं वापरलेला शब्दही 'पोतेस्तास'च. शेक्सपिअरच्या नाटकांत 'पॉवर' म्हणजे कित्येकदा सरळ सैन्य. अमेरिकन 'वेस्टर्न' चित्रपटांत शेरीफ गावकरी गोळा करून दरोडेखोरामागं घोडे दौडवतो, त्या टोळीला 'पॉसी' म्हणतात. ते 'पोस्से कोमितातुस', म्हणजे परगण्याचं बळ, याचं तोडकं रूप.

५ फेब्रुवारी

बोल्टन-वॅटचा फलक. यावर बराच वेळ गेला, पण प्रदर्शनाचा सांधा इथंच आहे. इथपर्यंत पॉवर माणसाकडं, देवाकडं, राजाकडं असायची. इथून पुढं ती मोजून विकली जाऊ लागली.

मॅथ्यू बोल्टन हा बर्मिंगहॅमजवळच्या सोहो कारखान्याचा मालक आणि जेम्स वॅटचा भागीदार. मार्च १७७६मध्ये लेखक जेम्स बॉसवेल कारखाना बघायला गेला. बोल्टननं त्याला सांगितलं की साऱ्या जगाला जे हवं असतं ते मी इथं विकतो, पॉवर. बॉसवेलनं ते लिहून ठेवलं म्हणून आपल्याला माहीत. माझ्या मते इंग्रजीतली ही सर्वांत चलाख जाहिरात. ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढं सिंहासन उभं राहावं आणि विकायचं असावं वाफेचं इंजिन!

पण विकायचं तर माप हवं. कॉर्नवॉलच्या खाणींत माप सोपं होतं. तिथं आधीपासून न्यूकमेनची, म्हणजे वॅटच्या आधीच्या घडणीची, वाफेची इंजिनं होती. वॅटच्या इंजिनानं त्यांच्या तुलनेत जितका कोळसा वाचवला, त्याच्या एक तृतीयांश किमतीचा मोबदला बोल्टन आणि वॅट घेत. पुढं फिरत्या चाकाचं इंजिन तयार झालं आणि गिरण्या, मद्याचे कारखाने गिऱ्हाईक म्हणून येऊ लागले. त्यांच्याकडं इंजिनच नव्हतं, घोडे होते. वाचलेला कोळसा मोजणार कसा? त्यांचा प्रश्न साधा : तुमचं यंत्र माझे किती घोडे मोकळे करील?

घोड्यांशी तुलना वॅटची नव्हे. थॉमस सेव्हरीनं १७०२मध्येच ती करून ठेवली होती. वॅटनं आकडा बसवला. जात्याला जुंपलेला घोडा १२ फूट त्रिज्येच्या रिंगणात तासाला १४४ फेऱ्या मारतो आणि १८० पौंडांच्या जोरानं ओढतो. गणित केलं तर मिनिटाला ३२,५७२ फूट-पौंड येतात. वॅटनं गोळाबेरीज ३३,००० धरली. तीच अश्वशक्ती. खरा घोडा दिवसभर एवढं ओढत नाही, म्हणजे गिऱ्हाइकाला बोलल्यापेक्षा थोडं जास्तच मिळायचं. विक्रीच्या दृष्टीनं शहाणपणाचं. याउलट जीव तोडून ओढला तर घोडा क्षणभर पंधराच्या आसपास अश्वशक्ती देऊ शकतो.

वॅट वारला १८१९मध्ये. विल्यम सीमेन्सनं १८८२मध्ये सुचवलं की पॉवरच्या एककाला त्याचं नाव द्यावं. आज एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. ज्यानं घोडा मापला, त्याच्याच नावात आता घोडा मापतात.

९ फेब्रुवारी

सभागृहात १२ फुटांची त्रिज्या बसत नाही, म्हणून मागच्या अंगणात खुंटी ठोकून दोरी लावली आणि चुन्यानं रिंगण आखलं. चोवीस फुटांचा गोल डोळ्यांना वाटतो त्यापेक्षा मोठा असतो. मुली आळीपाळीनं फिरल्या. मिनिटाला दोनपेक्षा थोड्या जास्त फेऱ्या, म्हणजे ताशी सव्वातीन किलोमीटरची चाल, अगदी रमतगमत. "घोडा एवढा हळू चालतो?" असं एकीनं विचारलं. सर म्हणाले, "चालतो कशाला, ओढतोय तो. तू ऐंशी किलोचं पोतं दोरीला बांधून विहिरीतून वर काढत चाल बघू."

मग सर जिन्याकडं वळले. जिना ३ मीटर उंच. ४५ किलोच्या मुलीनं तो ४ सेकंदांत चढला तर ४५ गुणिले ९.८ गुणिले ३ भागिले ४, म्हणजे सुमारे ३३० वॅट, अर्ध्या घोड्याच्या जरा खाली. प्रदर्शनाच्या दिवशी जिन्यापाशी वजनकाटा आणि घड्याळ ठेवायचं. गुडघेदुखीवाल्यांनी चढू नये अशी पाटीही हवी.

१५ फेब्रुवारी

फ्लेक्सवाल्याकडून पहिला नमुना आला. भाषाशास्त्रात जो शब्द कुठं लिहिलेला सापडत नाही, फक्त तुलनेवरून उभा केलेला असतो, त्याच्या आधी तारा काढतात. 'पति' आणि 'पोतिस' यांचं असं उभं केलेलं मूळ रूप 'पोति', त्याच्याआधी तो होता. फ्लेक्सवाल्यानं 'अटी लागू'चा तारा समजून तो काढून टाकला, कारण खाली अटीच दिसल्या नाहीत. त्याचा तर्क चुकीचा म्हणता येत नाही. तारा परत घातला आणि त्याचा अर्थ फलकाच्या तळाशी एका ओळीत दिला.

बारीक गोष्ट : 'पॉवर'चा अर्धचंद्र लांबून दिसत नाही आणि शब्द 'पावर' वाचला जातो. तसाच ठेवला. गावात तोच उच्चार आहे.

२० फेब्रुवारी

शेवटचा फलक गावाचा. एडमंड कार्टराईटनं यंत्रमागाचं पहिलं पेटंट १७८५मध्ये घेतलं, वॅटचं फिरतं इंजिन नुकतंच बाजारात आलं होतं तेव्हा. 'पॉवर लूम' या नावात पॉवर म्हणजे एवढंच की हात-पाय सोडून दुसरं काहीतरी माग चालवतंय. पुढं मुंबईच्या गिरण्यांना खोपोलीच्या टाटांच्या केंद्रातून १९१५मध्ये पाण्यावरची वीज मिळू लागली, त्या कंपनीच्या नावातही 'पॉवर' होतंच. हळूहळू आपल्याकडं शब्दाचा अर्थ आकसून वीज एवढाच उरला. 'पावर गेली' म्हणणाऱ्याला घोडा, राजा, लॅटिन काहीच दिसत नाही, बंद पडलेला धोटा दिसतो.

इथं एक जिवंत उदाहरण घातलंय. राज्य सरकारच्या यंत्रमाग वीज सवलतीत रेषा आखली आहे ती २७ अश्वशक्तीवर. खालच्यांना एक दर, वरच्यांना दुसरा. खर्चीवाल्या, म्हणजे दुसऱ्याच्या सुतावर मजुरीनं कापड विणून देणाऱ्या, छोट्या कारखानदाराला हा आकडा पाठ असतो. २७ अश्वशक्ती म्हणजे सुमारे २० किलोवॅट. वीज मीटरवर किलोवॅट-तासांमध्ये, सवलत घोड्यांमध्ये. लंडनच्या मद्यवाल्यांना समजावं म्हणून धरलेला घोडा अजून सवलतीच्या कागदावर उभा आहे.

२७ फेब्रुवारी

उद्घाटन झालं. गर्दी 'पति'च्या फलकापाशी आणि जिन्यापाशी. 'दंपती-डेस्पॉट'समोर जोडप्यांनी फोटो काढून घेतले, बहुतेक ठिकाणी कोण कोणाकडं बोट दाखवतंय ते सांगायला नको. कार्यवाहांनी भाषणात 'सत्ता म्हणजे असणं' वापरलं आणि टाळी घेतली. पाठोपाठ मागून कुणीतरी "सत्तेपुढं शहाणपण चालत नाही" म्हणालं, त्याला जास्त मोठी टाळी पडली.

१ मार्च

एक माग कारखानदार सगळे फलक वाचून माझ्याकडं आले. "सगळं झ्याक हाय ओ, पण बिलावर ते पावर फॅक्टर लिवत्यात ते कुठाय ह्यात?"

बरोबर आहे. गावात ज्या पॉवरवरून महिन्याच्या महिन्याला डोकं उठतं, ती भिंतीवर नाही. सरांशी फोनवर बोललो. मोटर लाईनमधून जी पॉवर खेचते, ती सगळी कामी येत नाही. चुंबकक्षेत्र उभं करायला काही भाग नुसता ये-जा करतो. कामी आलेल्या पॉवरचं खेचलेल्या पॉवरशी गुणोत्तर म्हणजे पॉवर फॅक्टर. एकाच्या जितका जवळ तितका चांगला, घसरला की बिल चढतं. कपॅसिटर लावले की ती ये-जा जागच्या जागी भागते आणि लाईनवरचा भार उतरतो.

हा मजकूर सर उद्या देतील. जागा खोपोलीच्या चित्राशेजारी करता येईल, चित्र थोडं लहान करावं लागेल. कारखानदार त्यांच्या शेडमधला जुना कपॅसिटरचा डबा आणून देतो म्हणालेत. तो भिंतीवर टांगता येणार नाही, टेबल लागेल. ग्रंथपाल बाईंना विचारायचं आहे.